सीझन बंद असताना घरी बसलेल्या नव्या कुकसाठी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटी-कणकुंबीकडची किती तरी पोरं गोव्याच्या किचनमध्ये कामाला आहेत. चोर्ला घाट उतरला की गोवा. पाऊस लागला की किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं, म्हणजे शॅक, मोडून ठेवतात, लहान हॉटेलं स्टाफ कमी करतात आणि पोरं बॅग उचलून गावी येतात. लग्नाच्या आचाऱ्यांचंही तसंच, आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव नाही. २०२० मध्ये २५ मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा तर सगळेच एकदम घरी आलो, आणि बसून जेवायची हॉटेलं ८ जूनपर्यंत उघडलीच नाहीत. त्यानंतरही अधूनमधून घरी बसायचे दिवस आलेच. नव्यानं या धंद्यात आलेल्या पोरांना अशा दिवसांत काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी झोप. सर्व्हिस संपवून, किचन धुऊन, मध्यरात्रीनंतर जेवायची आपल्याला सवय असते. घरी आल्यावर ते घड्याळ तसंच चालू ठेवलं तर सकाळचे अकरा अंथरुणात जातात आणि दिवस हातात येत नाही. रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर आठच्या आत घ्या. पित्ताचा त्रास असलेल्यांना याचाच गुण सगळ्यात आधी येतो. पहिले काही दिवस बाकी काही नाही केलं तरी चालेल.

मग मुख्य गोष्ट. घरी मिळालेल्या वेळेत एकच काम करायचं ठरवलं तर आपल्या हाताचा अंदाज वजनात उतरवून काढा. चालू किचनमध्ये हे होत नाही. तिकडे ऑर्डर लागलेली असते, काटा कोण शोधणार? आणि ज्याची रेसिपी कागदावर वजनात नाही, त्याला शेफ कायम हेल्परच समजतो, हे मी पुष्कळ किचनमध्ये पाहिलंय. पाच किलोपर्यंत मोजणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक वही, एवढं पुरतं.

सुरुवात कांद्यापासून करा. एक किलो कांदा मोजा, सोला, देठ-मूळ काढा, परत मोजा. समजा ९०० ग्रॅम उरला. कांदा ३० रुपये किलोनं आणला असेल, तर कढईत पडणारा कांदा तुम्हाला ३३ रुपये किलोला पडतो. सगळं कॉस्टिंग, म्हणजे पदार्थाला पडणाऱ्या खर्चाचं गणित, या एका हिशोबावर उभं असतं. हेच कोबीला, लसणाला, हाडासकट कोंबडीला करून बघा. लसणाचा आकडा बघून डोळे उघडतील. मग मीठ. रश्श्याच्या तयार वजनाच्या साधारण १ टक्का, म्हणजे किलोला १० ग्रॅम, इथून सुरुवात करा आणि आपल्या जिभेला कुठे बरोबर लागतं तो आकडा लिहा. घरच्या पाच माणसांचं १०० माणसांचं करायचं झालं, तर मीठ वीस पट चालेल, पाणी नाही. मोठ्या पातेल्यात मालाच्या मानानं वरचं तोंड लहान पडतं, वाफ कमी जाते, म्हणून वीस पट पाणी घातलं की रस्सा पातळ होतो. खडा मसालाही मी हिशोबाच्या पाऊणपटच घालतो आणि शेवटी चव बघून वाढवतो.

आपल्या भागात यासाठी साहित्याची कमी नाही. उन्हाळ्यात घरी असाल तर वर्षाच्या चटणीचं, म्हणजे लाल तिखटाचं, काम आयतंच सुरू असतं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, हे सगळ्यांना ठाऊक. पण तुमच्या घरात कोणती किती घालतात? आईला विचारा, ती पसा-मूठ सांगेल, तुम्ही तो पसा काट्यावर ठेवा. मिरची वाळवायच्या आधी मोजा, वाळल्यावर मोजा, कांडपाहून आल्यावर मोजा. ज्वारीच्या भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून उकळतं पाणी ओतून पिठातला स्टार्च चिकट करावा लागतो. पीठ किती, पाणी किती, हे लिहून काढलेला कुक मला अजून फारसा भेटलेला नाही. भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची पोळी, दुधाचा कुंदा या गोष्टी हॉटेलच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही. त्या आपल्या घरात आहेत.

एक मात्र पाळा. घरचं स्वयंपाकघर आईचं किंवा वहिनीचं असतं. डबे हलवू नका, फोडणी कशी चुकली ते सांगू नका. एका वेळचं जेवण आपल्याकडे मागून घ्या आणि भांडी घासून ओटा पुसूनच बाहेर या. सुरीचा हातही त्यातच राहतो. सरावासाठी भाज्या वाया घालवायची गरज नाही. सुरीला मात्र १००० ग्रिटच्या दगडावर, १५ ते २० अंशाच्या कोनात, निवांत धार लावायला शिका.

नाक हे आपलं हत्यार, पण त्याची काळजी कुणी घेत नाही. कोविडनंतर पुष्कळ कुकांना वास येईनासा झाला. त्यावर नाकाचा एक सराव आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी थोडा वेळ, लक्ष देऊन घ्यायचे आणि तसं किमान १२ आठवडे करायचं. धीर लागतो. वास गेलेला नसला तरी डोळे मिटून धने-जिरे-शहाजिरे ओळखायचा खेळ घरातल्या पोरांबरोबर जरूर खेळा. आणि तोंडात तंबाखू किंवा गुटखा असेल तर तो सोडायला यापेक्षा चांगले दिवस मिळणार नाहीत, कारण ब्रेकला सोबत चोळणारा मित्र इथे शेजारी नसतो.

पायांकडेही बघा. बारा-बारा तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. रोज चालणं, टाचा वर-खाली करणं, रात्री भिंतीला पाय वर टेकवून पडणं, एवढं नेमानं करा. शिरा दुखत असतील किंवा कातडी काळी पडत असेल तर डॉक्टरांना आत्ताच दाखवा, सीझनमध्ये सुट्टी मिळणार नाही.

काही जण घरून डबे सुरू करतात. चांगलंच आहे, पण घरगुती धंद्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, आणि घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो. हा खर्च धरूनच डब्याचा दर ठरवा. पगारातून पीएफ किंवा ईएसआय कापला जात नसेल, तर असंघटित कामगारांसाठीचं सरकारी ई-श्रम कार्ड काढून ठेवा.

आणि कन्नड. घरात मराठी, बाजारात दोन्ही, अशात आपण वाढतो. बोलता येतं, पण वाचता येत नाही अशी पोरं खूप आहेत. हुबळी-बेंगळूरुच्या किचनमध्ये मालाची यादी कन्नडमध्ये लिहिलेली असू शकते. रिकाम्या दुपारी अक्षरं शिकून घ्या, आपल्या वहीत मालाची नावं दोन्ही लिपींत लिहा.

परत बोलावणं आलं की पगार, राहणं आणि सुट्टी हे फोनवर न ठेवता मेसेजमध्ये लिहून मागा. पहिल्याच दिवशी तंदूरवर पूर्ण शिफ्ट घेऊ नका. उष्णता सोसायची शरीराची सवय काही आठवडे घरी राहिलं की जाते, आणि परत यायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, मीठ घातलेलं ताक जवळ ठेवा, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगून बाहेर या.