‘फाशीच पाहिजे’ म्हणणाऱ्या घरात जाताना

खून झालेल्या घरी भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि भरल्या तोंडाने तर अजिबातच नको. हे मी आमच्याच घरात शिकले. माझा धाकटा भाऊ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. उसन्या चार हजारांवरून आमच्याच गल्लीतल्या एकाने त्याला मारलं. त्यानंतर दहा दिवस घरात माणसांची रीघ होती. बसायचं, चहा प्यायचा, ‘त्याला लटकवायलाच पाहिजे’ म्हणायचं आणि उठायचं. चहा करायला मी.

उपयोगी पडल्या त्या शेजारच्या तेलुगू अक्का. त्या सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून जायच्या. त्यांच्या मुलाने पोलिस ठाण्यातून एफआयआरची प्रत आणली. तक्रारदाराला ती फुकट मिळते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मृत्यूचा दाखला आणि पोस्टमॉर्टमच्या अहवालासाठीही त्यानेच चकरा मारल्या. तुम्हाला काही करायचंच असेल तर हे करा. शिक्षेचा विषय त्या दिवसांत तुमच्याकडून निघता कामा नये.

घरच्यांनी काढला तर मात्र वाद घालू नका. ‘सूड वाईट असतो ताई’ असं एक सद्गृहस्थ मला सांगून गेले. त्यांचं तोंड अजून आठवतं. भावाच्या मारेकऱ्याचा जीव जावा असं वाटणं ही काही विकृती नाही. मी स्वतः कोयता हातात घेतला नाही, कारण ते काम सरकार करेल असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. म्हणजे माझा राग सरकारने माझ्याकडून मागून घेतलाय. त्याचा जाब मागायचा हक्क मला आहेच. ऐकून घ्या, आणि ‘फाशी’ या शब्दामागे नेमकं काय आहे ते हळूच विचारा. आमच्या आईला त्याने कबूल केलेलं हवं होतं. मला, खरं सांगते, त्याच्या आईने रडलेलं हवं होतं.

ती रडलीसुद्धा. तारखांना आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसायचो, दुसरा बाकच नव्हता. एकदा तिने पाणी मागितलं. मी बाटली पिशवीत सरकवली. आईने ती काढून दिली.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. ‘सहा महिन्यांत लटकतोय बघ’ असं कुणालाही सांगू नका. खुनाला शिक्षा दोनच, जन्मठेप किंवा फाशी. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नव्या भारतीय न्याय संहितेचं १०३. पण सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद आहे. सेशन कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मग सुप्रीम कोर्ट, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली, कारण सरकारी दिरंगाई. त्या मुलांच्या आईबापांनी इतकी वर्षं कशी काढली असतील, देव जाणे.

आता ‘दुर्मिळ’ हा शब्द. फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात. आमच्या निकालात जन्मठेप आली आणि कारण आलं की हे प्रकरण त्यात बसत नाही. आई घरी येऊन म्हणाली, ‘म्हणजे माझं पोरगं साधं होतं?’ फाशी ठेवली की कोर्टाला मरणांची प्रतवारी करावीच लागते, आणि खालच्या प्रतीत आलेल्या प्रत्येक घराला वाटतं की आपलं माणूस स्वस्तात गेलं. मी फाशीच्या विरोधात गेले ती दयेमुळे नाही, या प्रतवारीमुळे. म्हणून निकालाच्या आठवडाभर आधीच घरच्यांना सांगून ठेवा, की हा शब्द गुन्ह्याबद्दल आणि गुन्हेगाराबद्दल असतो, गेलेल्या माणसाबद्दल नसतो. वकील हे सांगत नाहीत. त्यांना वेळ नसतो.

‘पुरावा पक्का आहे’ असं कुणी म्हणालं तर सोलापूरकराला लांब जायला नको. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आरोप पोलिसांच्या खुनाचा, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. ते इंग्रजांचं कोर्ट होतं, असं म्हणाल. मग आपलं घ्या. नाशिककडच्या एका गुन्ह्यात सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी ठरवली आणि त्याच कोर्टाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. मध्ये घाई झाली असती तर? पण हे शोकातल्या घरात बोलायचं नाही. कट्ट्यावर ‘लटकवा’ म्हणणाऱ्यांशी बोलायचं.

घरच्यांना सांगायचं ते वेगळं. सरकारी वकिलाला मदत करायला स्वतःचा वकील लावता येतो. आरोपी सुटला तर २००९ च्या दुरुस्तीपासून पीडिताच्या घरच्यांनाही अपील करता येतं, मात्र शिक्षा झाली आणि ती कमी वाटली, तर नुसती वाढवून मागण्यासाठी त्यांना अपील करता येत नाही. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. पैसे घेतले म्हणजे भाऊ विकला, असं आई दोन वर्षं म्हणत होती. अर्ज शेवटी अक्कांच्या मुलानेच लिहिला.

आणखी एक. जन्मठेपेचा कैदी काही वर्षांनी फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या सुट्टीवर, घरी येतो. हे घरच्यांना आधी सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले तर पुढे तो उभा. केस पांढरे झालेले. गिरणीवाल्याने नंबर कुणाचा विचारलं तर म्हणाला, ‘ताईंचं आधी घ्या.’

मी डबा तिथेच ठेवून घरी आले. पीठ संध्याकाळी अक्कांनी आणून दिलं.