विरोधाभास टिपायचा? आधी एक फोटो नीट वाचा

विरोधाभासावर फोटोमालिका करायची असेल, तर शेकडो फोटो भराभर चाळू नका. एकच घ्या आणि त्याच्यापाशी निवांत बसा. मी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा १९३७ चा, अमेरिकेतल्या लुईव्हिलचा फोटो सुचवेन. वर भलंमोठं होर्डिंग: गाडीत बसलेलं हसरं गोरं कुटुंब आणि ‘जगातलं सर्वोच्च राहणीमान’ ही ओळ. खाली हातात पिशव्या, बादल्या घेऊन मदतीसाठी रांगेत उभी असलेली कृष्णवर्णीय पूरग्रस्त माणसं.

आता तळहाताने वरचा भाग झाका. उरते फक्त रांग. खालचा झाका, उरते नुसती जाहिरात. म्हणजे अर्थ दोन्ही एका चौकटीत आल्यामुळे तयार झालाय. उचलायची ती ही मांडणी. विषय तुमचाच हवा. जाहिरात, भित्तिचित्र, दुकानाची काच अशी पार्श्वभूमी आधी ठरवा आणि समोर माणसं येईपर्यंत थांबा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ किंवा एफ/११ इतकं लहान ठेवा, कारण मागचं धूसर झालं तर सगळंच फसतं.

फोटोखालच्या ओळी लिहितानाही जपा. लुईव्हिलची ही रांग ओहायो नदीच्या पुरामुळे लागली होती, तरी अनेक जण ती मंदीतल्या बेकारांची समजतात.