न्हाणीत ग्रॅब बार लावताना या चुका टाळा (भिंत चिऱ्याची असेल तर आधी वाचा)

घरात कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं किंवा कुणाला अर्धांगाचा झटका येऊन गेला की डॉक्टर सांगतात, न्हाणीत धरायला दांडी, म्हणजे ग्रॅब बार, लावून घ्या. मुंबईचा मुलगा ऑनलाइन मागवतो, गावात जो मोकळा असेल तो येऊन अर्ध्या तासात ठोकून जातो. पुढे ती दांडी हलायला लागते, नाहीतर गंजते, नाहीतर भलत्याच जागी असल्यामुळे तिच्यावर नुसते टॉवेल वाळत पडतात. दापोली काय आणि वेंगुर्ला काय, चुका त्याच. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि त्यातला मोठा वेळ दुसऱ्यानं घाईत बसवलेलं काढण्यात जातो.

एक गोष्ट आधीच सांगतो. दांडी नसते तेव्हा म्हातारं माणूस भिंत चाचपत, जपून पाऊल टाकतं. दांडी दिसली की ते सगळा भार तिच्यावर सोडतं. म्हणून ढिली दांडी ही दांडी नसण्यापेक्षा वाईट.

भिंत न ओळखता भोक पाडणं

कोकणातली भिंत म्हणजे बहुतेक ठिकाणी चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो. पण आतून तो छिद्राछिद्रांचा. एकाच चिऱ्यात कुठे चांगला कडक दगड लागतो, तर वीतभर बाजूला मातीनं भरलेली पोकळी. शिवाय चिऱ्याचा दर्शनी भाग एकसारखा नसतो, त्यामुळे गवंडी गिलाव्यानं भिंत ओळंब्यात आणतो. गिलावा एका टोकाला अर्धा इंच, दुसऱ्या टोकाला दीड इंच. त्यावर टाईलखालचा माल आणि मग टाईल. एवढं सगळं ओलांडल्यावर दगड सुरू होतो. दांडीबरोबर डब्यात जी प्लॅस्टिकची गिट्टी (भोकात बसवून जिच्यात स्क्रू पिळतात ती) येते ती जेमतेम सव्वा-दीड इंचाची. ती जाणार कुठे?

देवगडकडच्या एका घरातलं सांगतो. आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकरवर चालत होत्या. मुलगा गणपतीला आला तेव्हा दोन फुटी स्टीलची दांडी घेऊन आला आणि कमोडच्या बाजूला बसवून घेतली. बसवणाऱ्यानं एका हातानं ओढून दाखवली, ‘काय होना नाय, घट बसलो हा’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. दिवाळीच्या आत दांडी आजींच्या हातात आली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब.

मला बोलावलं ते नवी दांडी लावायला. जुनी दांडी कोपऱ्यात उभी होती, चारही स्क्रू आणि गिट्ट्यांसकट. तीन गिट्ट्यांवर राखाडी सिमेंटची भुकटी होती, जांभ्याचा लाल कण एकही नाही. म्हणजे त्या दगडापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. भोकात सळई घालून पाहिलं तर टाईल, माल आणि गिलावा मिळून दोन इंच भरले. चौथ्या ठिकाणी गिलावा पातळ होता, त्यामुळे गिट्टी भिंतीत शिरली होती, पण नेमकी दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात. घर जुनं, सांधा मातीचा. आजी रोज उठताना दांडी थोडी बाहेर ओढत होत्या आणि गिलावा थोडा थोडा सुटत होता. टाईल मात्र शेवटपर्यंत जशीच्या तशी दिसत होती, त्यामुळे घरातल्या कुणाला शंका आली नाही.

तेव्हा ड्रिल चालवताना भुकटीकडे बघा. भोकाखाली कागद चिकटवून त्याची पन्हळ करतो, भुकटी त्यात पडते. आधी टाईलचा चुरा, मग राखाडी गिलावा, मग लाल जांभा. लाल सुरू झालं की बिटवर खूण करायची आणि तिथून पुढे किमान तीन इंच आत जायचं. मध्येच ड्रिल सर्रकन आत गेलं किंवा पिवळट माती यायला लागली, तर ती जागा सोडून द्यायची. भोक फुकट गेलं म्हणून लोक हळहळतात. सिलिकॉन भरून ते बुजवता येतं, किंवा फ्लँजखाली, म्हणजे दांडीच्या टोकाच्या चकतीखाली, झाकलं जातं.

‘मग लोखंडी फास्टनर ठोकतो’ हे उत्तर हमखास मिळतं. फास्टनर भोकात फुगतो आणि कडांवर दाब देऊन टिकतो. काँक्रीटमध्ये तो उत्तम. चिऱ्यात तोच दाब भोकाच्या कडांचा भुगा करतो. पाना जितका जोरात फिरवाल तितकी पकड कमी होते, आणि नवशिक्याला वाटतं आपण आणखी घट्ट करतोय. लाकडाचा गुटका ठोकून त्यात स्क्रू पिळण्याची जुनी पद्धतही न्हाणीत चालत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्चमध्ये आकसतं, आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं.

चिऱ्यात मी केमिकल अँकरच वापरतो, म्हणजे कार्ट्रिजच्या नळीतून येणारा आणि भोकात घट्ट होणारा चिकट मसाला. जाळीची नळी भोकात घालायची, तिच्यात मसाला तळापासून भरत बाहेर यायचं आणि आटे असलेला स्टेनलेसचा रॉड फिरवत आत सारायचा. मसाला जाळीतून थोडा बाहेर येऊन दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि तिथे दगड होऊन बसतो. जाळी नसेल तर तो पोकळीत वाहून जातो, कितीही ओतलात तरी. रॉड शक्यतो ८ मिमीचा. फ्लँजचं भोक लहान असेल तर ६, त्याखाली मी जात नाही. नोझलमधून येणारा पहिला मसाला फेकून द्यायचा, रंग एकसारखा झाला की मगच भरायचा. कार्ट्रिजवरची मुदत वाचा, दुकानात पडून राहिलेला जुना माल नीट सुकत नाही.

यात सगळ्यात जास्त चुका होतात त्या भोक साफ करताना. जांभ्याची भुकटी बारीक आणि चिकट असते. ती आत राहिली तर मसाला भुकटीला धरतो, दगडाला नाही. ब्रश फिरवा, पंपानं हवा मारा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा, लाल धूर यायचा थांबेपर्यंत. तोंडानं फुंकर मारू नका. थुंकी आत जाते आणि भुकटी डोळ्यांत.

आणि वाट बघा. मसाला सुकायला किती वेळ हे कार्ट्रिजवर तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. तरीही मी दांडी दुसऱ्या दिवशीच चढवतो. एका दिवसात काम उरकून द्या म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

नव्या फ्लॅटमध्ये मधल्या भिंती अर्ध्या विटेच्या किंवा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) असतात. तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडच्या बाजूला स्टीलची पट्टी. बेडरूमच्या भिंतीवर पट्टी दिसते म्हणून घरचे कुरकुरतात. तिच्यावर रंग मारता येतो.

समुद्राच्या हवेत चकचकीत माल

दुकानात सगळ्या दांड्या सारख्याच चमकतात. क्रोमचा मुलामा असलेलं लोखंड असो की स्टेनलेस स्टीलच्या २०२, ३०४, ३१६ या ग्रेड, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. लोहचुंबक लावून बघण्याचा सल्ला सर्रास देतात, पण त्यानं फक्त साधं लोखंड पकडलं जातं. २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ ला नाही, ३१६ लाही नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत टिकतं ते त्यामुळे. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर ३१६ च घ्या. चिपळूण, कणकवलीसारख्या आतल्या गावांत ३०४ पुरतं.

पण दांडीपेक्षा दगा देतात ते स्क्रू. दांडी चांगली घेतली आणि स्क्रू हार्डवेअरच्या बरणीतले पिवळे, असं हर्णै बाजूला एका घरी पाहिलं. वरून झाकण असल्यामुळे काही दिसत नव्हतं. झाकण फिरवून काढलं तर आत तपकिरी पाणी आणि एका स्क्रूचं डोकं झाकणाबरोबर हातात आलं. मधला भाग पेन्सिलच्या शिशाएवढा उरला होता. स्टेनलेसला टेकलेलं साधं लोखंड ओलाव्यात एरवीपेक्षाही लवकर गंजतं. रॉड, नट, वॉशर सगळं दांडीच्याच ग्रेडचं हवं. नट-वॉशरचे वाचलेले पैसे मोजायलाही लागत नाहीत इतके थोडे असतात.

टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशी घासताना त्याचे शिंतोडे दांडीवर उडाले की चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात. ताबडतोब साध्या पाण्यानं धुवा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं तिथे तर दांडी रोज पुसून कोरडी केलेली बरी.

माणसाला न बसवता जागा ठरवणं

‘किती उंचीवर लावायची?’ हा प्रश्न मला फोनवर विचारतात. उभ्यानं धरण्याच्या आडव्या दांडीसाठी ३३ ते ३६ इंच असा आकडा सगळीकडे सापडतो, आणि सुरुवातीला तो बराही आहे. पण साडेचार फुटी आजींना तो खांद्याकडे जातो. मी माणसाला कमोडवर बसवतो, पाय जमिनीवर टेकवतो आणि उठायला सांगतो. हात आपोआप जिथे आधार शोधतो तिथे पेन्सिलची खूण. दोनतीनदा करून घेतो, कारण पहिल्यांदा माणूस संकोचून सरळ बसतो, हात नीट टाकत नाही. घरच्यांनी ‘आई, असा धर’ म्हणून हात पकडून दाखवू नये, त्यांना बाहेर थांबवा.

अर्धांगात चांगला हात कोणता, त्यावर बाजू ठरते. उजवी बाजू लुळी असेल तर दांडी डाव्या हाताला. आता हे लक्षात घ्या की दारातून आत जाताना डावीकडे असलेली दांडी बाहेर येताना उजवीकडे होते. म्हणून दाराशी दोन्ही बाजूंना एकेक उभी दांडी लागते. एकीत भागवू नका.

आपल्याकडे बरीच वडीलधारी माणसं अजून बंबाचं पाणी बादलीत घेऊन पाटावर बसून आंघोळ करतात. पाटावरून उठताना माणूस दांडी खाली दाबत नाही, स्वतःकडे ओढतो. भारतीय संडासात तर पूर्ण अंगाचा भार बाहेरच्या दिशेनं येतो. फिटिंगवर सगळ्यात वाईट ताण हाच. म्हणून आधी पाट काढून रबरी पायांची उंच खुर्ची द्या, संडासावर कमोडची खुर्ची ठेवा आणि मग दांडी लावा. तिरकी दांडी साबणाच्या हातानं धरली की हात खाली घसरतो. उभी किंवा आडवीच लावा, खरखरीत पकडीची.

दांडी आणि भिंत यांत दीड इंच जागा हवी. जास्त असली की पडताना हात कोपरापर्यंत मध्ये जातो आणि अडकतो. जाडीही सव्वा ते दीड इंच, मुठीत मावेल एवढीच.

बाकीच्या चुका

टॉवेलच्या दांडीला ग्रॅब बार समजू नका, ती टॉवेलपुरतीच असते.

हवेच्या दाबानं चिकटणारी रबरी हँडल्स भार टाकण्यासाठी कधीही नाहीत. खरखरीत टाईलवर ती मुळातच धरत नाहीत, गुळगुळीत टाईलवर न सांगता सुटतात.

टाईलवर ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारा मोड) चालू करू नका. टाईल पार होईपर्यंत साधं फिरणारं ड्रिल, आणि चिऱ्यातही हॅमर नको, भोक मोठं होतं.

टाईल आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघा. पोकळ वाजली तर तिथे नट आवळताच ती तडकेल.

नळाच्या आणि गिझरच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नका, आत पाइप किंवा वायर असते. काम करताना मेन बंद.

आत उघडणारं दार बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस दाराला टेकून पडलं तर दार ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडेल अशी.

तपासणी

अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या बांधकाम नियमांत दांडीनं २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो भार सोसला पाहिजे असं आहे. ‘आमची आई पंचेचाळीस किलोची, एवढं कशाला?’ असं विचारतात. तोल गेल्यावर जो हिसका बसतो तो अंगाच्या वजनाहून कितीतरी जास्त असतो, म्हणून. एका हातानं हलवून बघणं ही तपासणी नव्हे. मी आधी दोन्ही हातांनी पूर्ण अंगाचा भार खाली टाकतो, मग एक पाय भिंतीला लावून बाहेर ओढतो आणि त्या वेळी दुसऱ्याला फ्लँजकडे बघायला सांगतो. कागद शिरेल एवढी फट जरी उघडली तरी काम परत.

फ्लँजभोवती सिलिकॉन भरताना खालची बाजू मोकळी सोडा. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी, नाहीतर ते पावसाळाभर स्क्रूपाशीच राहतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, भिंती महिनोन्‌महिने ओल्या असतात. म्हणून दसऱ्याच्या सुमारास झाकणं उघडून नट बघायचे, गंजाचा डाग दिसला तर बदलायचे. दांडी हलत असेल तर भोकात काडी कोंबून किंवा स्क्रू पिळून वेळ मारून नेऊ नका. ती त्याच दिवशी काढून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत आंघोळीला कुणीतरी सोबत जा.