पावसाळ्यात घरातील रोपांसाठी ग्रो लाइट : खान्देशातील उत्पादकांसाठी सल्ला

घरातील रोपांना कृत्रिम प्रकाशाची, म्हणजे ग्रो लाइटची, गरज हिवाळ्यात असते, हे थंड देशांतले गणित आपल्याकडेही सर्रास सांगितले जाते. खान्देशात मात्र ते उलटे आहे. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे 45 अंशांपर्यंतच चढतो आणि आकाश निरभ्र असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत उतरते. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, त्यात आषाढाचे ढग येतात, आणि धाब्याच्या घरातल्या लहान झरोक्यातून तर नावापुरताच उजेड मिळतो. दिवा घ्यायचाच असेल, तर तो आषाढ-श्रावणासाठी घ्यावा.

मुसळधार पावसापासून वाचवण्यासाठी मिरची, भरताची वांगी किंवा टोमॅटोचे प्रो ट्रे (रोपे वाढवण्याचे कप्प्यांचे ट्रे) घरात आणले, की चार-पाच दिवसांतच रोपे उजेडाकडे ताणली जाऊन लुकडी होतात. अशा वेळी दिव्याआधी घरापुढच्या ओट्याचा विचार करावा, कारण ढगाळ दुपारीही उघड्यावर साधारण 10,000 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूर असलेल्या खोलीत तो काही शेच उरतो. वरून पारदर्शक प्लॅस्टिक आणि चारही बाजूंनी हवा खेळती, एवढी सोय ओट्यावर होत असेल, तर विजेचा खर्च टाळावा.

ती होत नसेल, तर जांभळ्या दिव्यांच्या मोहात न पडता 4000 ते 6500 केल्व्हिनचा (हा आकडा प्रकाशाची रंगछटा सांगतो) पांढरा एलईडी घ्यावा. रोपांना लागणारा निळा व तांबडा प्रकाश त्यात असतोच, शिवाय पानांवरचा पिवळेपणा किंवा ठिपके वेळीच दिसतात, जे जांभळ्या उजेडात लपून जातात. खोक्यावरील ‘समतुल्य’ (दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांशी तुलना करून लिहिलेले) वॉट विचारात न घेता दिवा प्रत्यक्षात किती वॉट वीज घेतो, ते पाहावे. चार फूट लांब व एक फूट रुंद फळीवर 20 वॉटच्या तीन साध्या एलईडी पट्ट्या रोपांच्या शेंड्यांपासून 15 ते 20 सेंमी उंचीवर बसवाव्यात आणि रोपे वाढतील तशा त्या वर सरकवाव्यात. मोबाइलवरील लक्समापक अगदी अचूक नसला, तरी ट्रेच्या पातळीवर 10,000 लक्सच्या आसपास प्रकाश आहे की नाही, एवढे त्यावरून कळते. मनी प्लँटसारख्या पानांच्या शोभिवंत झाडांना 1,000 ते 2,000 लक्स पुरेत.

हे दिवे रोज 16 तास चालवल्यास महिन्याला सुमारे 29 युनिट वीज लागते, आणि त्या फळीवर 98 कप्प्यांचे दोनच ट्रे मावतात. एकरभर मिरचीसाठी हजारो रोपे लागत असल्याने हा व्यवहार तेथे परवडणारा नाही. शेडनेटमधील रोपवाटिकाच बरी.

दिवे रात्रंदिवस चालू ठेवू नयेत, कारण अखंड प्रकाशात टोमॅटो आणि वांग्याची पाने पिवळी पडतात. टायमर लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आल्यावर तेवढाच मागे चालतो, त्यामुळे भारनियमनाच्या गावात बॅटरीवर वेळ टिकवणारा टायमर घ्यावा. पावसाळी दमट हवेत माती लवकर सुकत नाही. पाणी बोटाने ओल पाहूनच द्यावे, अन्यथा रोपे बुंध्याशी कोलमडतात. फळीजवळ पाणी शिंपडले जात असल्याने पाण्यापासून संरक्षित दिवे वापरावेत आणि जोडणी विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या गळतीरोधक स्विचमधून घ्यावी.

लागवडीपूर्वी सात ते दहा दिवस रोपे रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवावीत, कारण दिव्याखालचे कोवळे पान उघडीप पडताच उन्हाने करपते.

त्याच खोलीत शेवंतीची कुंडी असेल, तर ती सप्टेंबरपासून दुसरीकडे हलवावी; तिला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड काळोखी रात्र लागते.