ॲक्सेस पॉइंट लावूनही वायफाय रखडतंय? आधी तार तपासा

खाली हॉलमध्ये राउटर, वरच्या खोलीत नवाकोरा ॲक्सेस पॉइंट (राउटरला केबलने जोडून वायफाय पुढे पसरवणारा डबा), मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, तरी वेग काही वाढेना. आमच्याकडे २०० एमबीपीएसचा प्लॅन. खाली तो जवळपास पूर्ण मिळायचा, वर मात्र आकडा ९४ला अडकायचा. आठवडाभर मी तो डबा कधी कपाटावर, कधी जिन्याच्या कठड्यावर ठेवून पाहिला. दोष निघाला भिंतीतल्या केबलमध्ये. म्हणून सेटिंगमध्ये हात घालण्याआधी पुढच्या क्रमाने जा.

१. लॅपटॉप केबलने जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आधी मुख्य राउटरला केबल लावून स्पीड टेस्ट घ्या. मग वर जाऊन ॲक्सेस पॉइंटची केबल काढा आणि तीच लॅपटॉपला लावा. खालीच वेग कमी असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करा, पुढचं वाचायची गरज नाही. खाली ठीक आणि वर कमी असेल तर केबल किंवा तिच्या वाटेतलं उपकरण दोषी. दोन्हीकडे ठीक असेल तर ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट तेवढा तपासा (दुसऱ्या पायरीचा शेवट पाहा) आणि तिसऱ्या पायरीवर या.

२. आकडा ९० ते ९५च्या मध्ये अडकतो का? वायफायचा वेग सतत वरखाली होतो, तो असा एकाच आकड्यावर खिळून राहत नाही. याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसपुरताच सांधा आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चारच पुरतात. १००० म्हणजे गिगाबिटसाठी आठही लागतात. एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर दोन्हीकडची उपकरणं मुकाट्याने १००वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. आमच्याकडे वायरिंगवाल्याने चारच तारा क्रिंप केल्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवल्या) होत्या, उरलेल्या चार कापून टाकल्या होत्या!

कनेक्टर पारदर्शक असतो. उजेडात धरून रंग मोजा. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड १००/१०० दिसतो की १०००/१००० तेही पाहा. कमी असेल तर दोन्ही टोकं एकाच रंगक्रमाने नव्याने क्रिंप करून घ्या. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ असली की घरातल्या अंतराला पुरते. मधला स्विच (एका केबलला अनेक फाटे देणारा डबा), पीओई इंजेक्टर (केबलमधूनच वीज देणारा डबा) आणि खुद्द ॲक्सेस पॉइंटचा पोर्टही तपासा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१२००’ छापलेल्या काही स्वस्त डब्यांचा पोर्ट १००चाच असतो. तसं असेल तर सेटिंग बदलून काही होणार नाही, डबाच बदलावा लागेल.

३. ॲक्सेस पॉइंट म्हणून जुना राउटर वापरताय? त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर आधी त्याचा आयपी पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), मग डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन म्हणजे इंटरनेटच्या पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. हे न केल्यास घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही.

४. दोन्ही डब्यांचे चॅनल (वायफायच्या लहरींच्या मार्गिका) वेगळे ठेवा. २.४ गीगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. खाली १, वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गीगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९ ठेवा; रुंदी ८० चालेल. वायफायची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए२ एईएस किंवा त्याहून नवी हवी. जुनी टीकेआयपी पद्धत निवडली तर वेग ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही.

५. फोन कुठे चिकटलाय ते पाहा. दोन्हीकडे एकच नाव आणि पासवर्ड असला तरी कुठल्या डब्याला जोडायचं हे फोनच ठरवतो. वर गेल्यावरही तो खालच्या राउटरचा क्षीण सिग्नल सोडत नाही. फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू केल्यावर वेग वाढला, तर हेच कारण. मुख्य राउटरची २.४ गीगाहर्ट्झची ट्रान्समिट पॉवर (सिग्नल पाठवण्याचा जोर) ‘मीडियम’ किंवा ‘लो’ करा. पॉवर वाढवून उपयोग नाही. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो.

केबल ओढणं शक्यच नसेल आणि रिपीटर (राउटरचा वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावलात, तर वेग साधारण निम्मा होईल हे धरूनच चाला. एकाच रेडिओने तो ऐकतोही आणि बोलतोही.