संडासचा पाईप तुंबला आणि गळू लागला, तर आधी वाट मोकळी करावी, मग सांधा दुरुस्त करावा

भिंतीवरून उतरणारा शौचालयाचा पाईप एखाद्या सांध्यातून गळू लागला की बहुतेक घरांत पहिला विचार सिमेंटचा किंवा एम-सीलचा होतो. हा क्रम चुकीचा आहे. उभ्या पाईपमध्ये मैलापाणी एरवी आतल्या भिंतीला धरून पातळ थराने खाली उतरते आणि मधली जागा हवेसाठी मोकळी राहते, त्यामुळे जरासा सैल झालेला सांधासुद्धा अनेक वर्षे कोरडाच दिसतो. तोच सांधा एकाएकी धार सोडू लागला, तर खाली कुठेतरी वाट अडली आहे आणि पाणी त्या सांध्यापर्यंत चढले आहे, असे आधी समजावे. नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या दुमजली घरात एका मिस्त्रीने असाच सांधा सिमेंटने बुजवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्याच्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातून, मैला वर आला. तेव्हापासून हे काम योग्य क्रमानेच व्हावे, असा माझा आग्रह असतो.

सुरुवातीला सर्व मजल्यांवरील शौचालय, न्हाणी आणि कपडे धुण्याचे यंत्र यांचा वापर थांबवावा आणि वर भाडेकरू असतील तर त्यांनाही तसे सांगावे. त्यानंतर अडथळा कुठे आहे ते ठरवावे. एकाच भांड्यात पाणी साचते आणि बाकी सगळे नीट चालते, तर दोष त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये आहे आणि तो बहुधा रबरी प्लंजरने सुटतो. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या नहाणीत बुडबुडे येत असतील, तर अडथळा उभ्या पाईपच्या तळाशी किंवा त्याच्या पुढे आहे. अशा वेळी अंगणातील चेंबरचे झाकण उघडून पाहावे. चेंबर कोरडे असेल तर तुंबा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबर काठोकाठ भरलेले असेल तर तो पुढच्या गडरलाईनमध्ये, म्हणजे सार्वजनिक मैलावाहिनीत, किंवा सेप्टिक टँकमध्ये आहे. या एका तपासणीने अर्धे श्रम वाचतात, म्हणून झाकण जड आहे एवढ्या कारणाने ती टाळू नये.

गडरलाईन रस्त्याखाली तुंबली असेल तर ते काम घरमालकाचे नाही. नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. आपल्या झोन कार्यालयात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. ज्या लेआऊटमध्ये अजून गडरलाईन नाही, तिथे सेप्टिक टँक भरली असल्यास ती पंपाच्या गाडीने उपसून घ्यावी. टाकीत कोणालाही उतरवू नये, मग तो माणूस कितीही अनुभवी असो. आत साठलेल्या हायड्रोजन सल्फाईडने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो, मिथेन पेट घेऊ शकतो, आणि एकाला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून अशी सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. चेंबर उघडल्यावरही काही वेळ दूर उभे राहावे आणि जवळ काडी किंवा विडी पेटवू नये.

तुंबा आपल्याच पाईपमध्ये असेल, तर पाणी कुठवर चढले आहे हे आधी जाणून घ्यावे. लाकडी मुठीने पाईपवर खालून वर हलकेच ठोकत गेल्यास भरलेला भाग बद्द वाजतो आणि रिकामा भाग पोकळ वाजतो. नेहमीच्या ११० मिलिमीटरच्या पाईपमध्ये ३ मीटर उंचीपर्यंत सुमारे २५ लिटर मैलापाणी मावते आणि तळाच्या डोअर बेंडचे, म्हणजे सफाईसाठी बोल्टचे झाकण असलेल्या वळणाचे, झाकण एकदम काढल्यास ते सगळे अंगावर येते. म्हणून गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालून, पाईपच्या समोर नव्हे तर बाजूला उभे राहावे. झाकणाखाली रुंद घमेले ठेवावे. बोल्ट पूर्ण न काढता प्रत्येकी दोन-तीन आटे सैल करावेत, म्हणजे पाणी कडेने झिरपू लागते. घमेले भरत आले की बोल्ट पुन्हा आवळावेत, ते वाहत्या चेंबरमध्ये रिकामे करावे आणि हाच क्रम धीराने चालू ठेवावा. हे पाणी अंगणात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नये. नागपुरात अनेक जुन्या घरांत विहीर आणि जमिनीखालची टाकी अजून वापरात आहे, आणि मैलापाणी त्यांत झिरपले तर कावीळ व टायफॉईड घरात येतात.

पाणी उतरल्यावर झाकण पूर्ण काढून आतला बोळा शक्यतो आकड्याने बाहेर ओढावा. आत ढकललेले कापड किंवा सॅनिटरी पॅड पुढच्या वळणावर पुन्हा अडकते. डोअर बेंडपासून चेंबरपर्यंतच्या आडव्या पाईपसाठी एकमेकांत फिरवून जोडायच्या लवचिक सळ्या वापराव्यात आणि त्या चेंबरच्या बाजूने घालाव्यात, कारण तिकडून मोकळा झालेला मळ आपल्या दिशेने उतारावर येतो. सळ्या फिरवताना घड्याळाच्या काट्याच्याच दिशेने फिरवाव्यात. उलट फिरवल्यास आटे सुटतात आणि सळीचा तुकडा आतच राहतो. बांबूच्या कामट्या सरळ पाईपमध्ये चालतात, वळणावर मात्र त्या मोडतात. वाट मोकळी झाली की वरून तीन-चार बादल्या पाणी सोडून ते चेंबरमध्ये न थांबता येते का ते पाहावे.

ॲसिड ओतून तुंबा काढण्याची सवय मला धोक्याची वाटते. ॲसिड कापडाचा बोळा सोडवत नाही, पण जुन्या बिडाच्या पाईपला आणि सिमेंटच्या सांध्याला खाते, आणि त्याच पाईपमध्ये आधी ब्लीचिंग पावडर गेली असेल तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. उकळते पाणीही ओतू नये, कारण पीव्हीसी सुमारे ८० अंशांवर मऊ पडते.

आता गळतीकडे वळावे. वाट मोकळी झाल्यावर बहुतेक गळत्या थांबतात, पण सांधा कमकुवत आहे हे आपल्याला कळलेले असते. पाईप बाहेरून पुसून कोरडा करावा, वरच्या भांड्यात कपड्यांची नीळ कालवलेले पाणी सोडावे आणि निळा ओघळ नेमका कुठे दिसतो ते पाहावे. खालच्या सांध्यावरचा ओघळ अनेकदा वरच्या सांध्यातून आलेला असतो. सांध्याजवळ भिंतीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर तिथे ओल फार दिवसांपासून आहे. ते मुळासकट काढावे.

नागपुरातले सांधे का सुटतात याचे एक कारण आपल्या हवेत आहे. पीव्हीसी एका मीटरमागे, एका अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबते. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या पश्चिमेच्या भिंतीवरील उन्हापर्यंत पाईपच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे ३ मीटरचा पाईप ८ मिलिमीटरपेक्षा अधिक लांबतो. सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेल्या सेल्फिट सांध्यांना ही हालचाल सोसायला जागा नसते आणि शेवटी कुठेतरी तडा जातो. म्हणून उन्हाच्या भिंतीवर रबरी रिंगचा रिंगफिट पाईप घ्यावा, त्याचे टोक साबणाच्या पाण्याने ओले करून पूर्ण आत बसवावे आणि मग सुमारे १० मिलिमीटर मागे ओढावे. खिळ्याचे क्लॅम्प इतके आवळू नयेत की पाईप हलूच शकणार नाही.

चिकटवायचाच असेल तर पाईप काटकोनात कापावा, कडेचा बुरा काढावा, दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ करावेत, सॉल्व्हंट लावून पाव फेरा देत पाईप आत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे, कारण दुपारी सॉल्व्हंट सांधा बसण्याआधीच वाळतो. एम-सील हा तात्पुरता उपाय आहे. तोसुद्धा पृष्ठभाग घासून खरबरीत आणि पूर्ण कोरडा केल्याशिवाय धरत नाही. महाल-इतवारीकडील जुन्या वाड्यांतील बिडाच्या पाईपला उभी चीर असेल तर लिंपत बसू नये. तेवढा तुकडा कापून रबरी जोडणीने पीव्हीसी बसवावा.

जमिनीखालच्या पाईपची गोष्ट वेगळी आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सिमेंटने पक्के केलेले चिनी मातीच्या पाईपचे सांधे त्या ओढाताणीत उघडतात. मग झाडांची मुळे आत शिरतात. दर पावसाळ्यात त्याच जागी तुंबत असेल तर दरवर्षी सळ्या घालण्यापेक्षा तेवढी लाईन उघडून, खाली वाळूचा थर देऊन, दर मीटरला सुमारे २५ मिलिमीटर उताराने नवी टाकणे स्वस्त पडते. गच्चीच्या पावसाचे पाणी या लाईनला जोडलेले असेल तर ते याच वेळी वेगळे करावे, कारण जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर गच्चीवरची माती आणि उतरवलेल्या कूलरच्या वाळ्याचे तुकडे थेट आत जातात.

शेवटी डोअर बेंडच्या झाकणाखालचे रबर तपासावे, चिरलेले असेल तर बदलावे आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. जिथे घाण सांडली ती जागा आधी पाण्याने धुवावी, मग ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून अर्धा तास राहू द्यावे. जोडलेला सांधा रात्रभर विश्रांतीवर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व मजल्यांवर एकाच वेळी फ्लश करावा, आणि त्या वेळी एका माणसाने चेंबरपाशी, तर दुसऱ्याने कोरड्या कागदाने प्रत्येक सांधा टिपत पाईपपाशी उभे राहावे.