१९३६ चा फॉरवर्ड आला की काय करायचं

दर उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतो, की अमेरिकेत १९३६ ला नॉर्थ डकोटातल्या स्टील गावात पारा ४९.४ ला गेला होता, तेव्हा कुठे एवढ्या गाड्या होत्या, मग कसलं ग्लोबल वॉर्मिंग घेऊन बसलात. मी पहिल्यांदा नुसता हसायचा इमोजी टाकला तर काका म्हणाले, हसू नको, आकडा खोटाय का ते सांग. आणि आकडा खराच निघाला की हो, त्या राज्याचा तो रेकॉर्ड अजून मोडलेला नाही!

तर आधी आकडा कशाचा आहे ते बघा. एका गावाचा एका दिवसाचा, का अख्ख्या जगाचा वर्षभराचा? मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ झालं होतं, तेही तसंच उभं आहे. एका बॅट्समनचा हायेस्ट स्कोअर सांगून टीमचं अ‍ॅव्हरेज निघत नाही, तसंच हे.

मग जागा बघा. अलास्का-हवाई सोडून अमेरिका म्हणजे पृथ्वीचे २ टक्केसुद्धा नाहीत. तिथे तेव्हा मोठा दुष्काळ होता, गवताळ माळरानं नांगरून टाकलेली, जमिनीत ओल नाही, त्यामुळे उन्हाची सगळी ताकद हवा तापवण्यातच गेली. २००७ मध्ये हवामानाचे आकडे तपासणाऱ्या स्टीव्ह मॅकिन्टायर या कॅनडाच्या ब्लॉगरने नासाच्या अमेरिकेच्या तापमानाच्या आकड्यांत चूक पकडली आणि तेव्हाच्या हिशोबात उष्णतेत १९३४ हे वर्ष १९९८ च्या किंचित पुढे गेलं. चूक खरी होती, नासाने सुधारली पण. याच्या फॉरवर्डमध्ये फक्त 'अमेरिकेत' हा शब्द गळतो, जगाचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला.

थर्मामीटरवरही शंका घ्या, दोन्ही बाजूंनी घ्या. लिबियातलं १९२२ चं ५८ डिग्री नव्वद वर्षं जगाचा रेकॉर्ड म्हणून मिरवलं, २०१२ ला जागतिक हवामान संघटनेने रद्द केलं, नवखा माणूस, किचकट उपकरण, रीडिंग चुकलं असणार म्हणून. आणि २०२४ च्या मे मध्ये नागपुरात ५६ डिग्री ही बातमी सगळ्यांनी धडाधड शेअर केली, नंतर कळलं सेन्सर बिघडलेला.

पुढचा हमखास डायलॉग, "जुने आकडे मुद्दाम कमी केलेत". इथे जरा थांबा कारण अर्धं खरंय. अमेरिकेत पूर्वी बरेच लोक संध्याकाळी रीडिंग घ्यायचे, त्यामुळे एकच कडक दुपार दोन दिवसांच्या खात्यात जायची, नंतर सकाळी घ्यायला लागले, म्हणून जुने आकडे खाली आणावे लागले. पण समुद्रावर उलटं झालंय, पूर्वी जहाजावरून बादलीने पाणी काढून मोजायचे, वर येईपर्यंत ते गार व्हायचं, म्हणून ते जुने आकडे वर नेले. समुद्र जगाचा ७० टक्के, त्यामुळे सगळी दुरुस्ती एकत्र धरली तर एकूण तापमानवाढ थोडी कमीच दिसते. हे कोणी फॉरवर्ड करत नाही. रिचर्ड म्युलर नावाचे फिजिक्सवाले याच शंका घेऊन बसले होते, त्यांनी बर्कलीत स्वतःची टीम घेऊन सगळा डेटा नव्याने मोजला, शहरांमुळे आकडा फुगतो का तेही तपासलं, आणि २०१२ ला जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे आणि माणसामुळेच आहे.

आता स्वतः करा. नासाच्या गिस्टेम्प (GISTEMP, जगाच्या तापमानाचा हिशोब) पेजवरून जगाची सीएसव्ही (CSV, एक्सेलमध्ये उघडणारी) फाइल घ्या, लॉगिन वगैरे काही नाही. एक्सेलमध्ये पहिली ओळ उडवा, ती नुसतं नाव असते. वर्ष आणि 'जे-डी' (J-D, म्हणजे जानेवारी ते डिसेंबरची सरासरी) हे दोनच कॉलम ठेवा, चालू वर्षाला तारे दिसतील ते पुसा, लाइन चार्ट काढा. आकडे १९५१ ते १९८० च्या सरासरीपासूनचा फरक आहेत, त्यामुळे मायनस बघून घाबरू नका. १९३६ शून्याच्या खाली दिसेल, २०२४ सव्वा डिग्रीच्या आसपास. आणि चार्ट १९९८ पासून सुरू करू नका, त्या वर्षी जबरदस्त एल निनो होता (पॅसिफिक समुद्र तापतो आणि जगाचा पारा तात्पुरता चढतो), तिथून काढला की पुढची बरीच वर्षं सपाट वाटतात, जुनी ट्रिक आहे ती.

काकांना चार्ट पाठवला तर लगेच विचारलं, १९४० नंतर तीसेक वर्षं रेष का वाढत नाही? बरोब्बर जागा पकडली त्यांनी. कारखान्यांच्या धुरातलं गंधक ऊन परत फेकत होतं, ते त्यातलं एक मोठं कारण, पुढे धुरावर कायदे आले आणि रेष वर निघाली. 'ठीक' एवढाच रिप्लाय आला, पण यंदा १९३६ वाला मेसेज काही त्यांच्याकडून आलेला नाही.